लेप्टोनंतर किडनी बंद: डायलिसिस एक दिवसाआड पुरेसं आहे का, की रोज मागायला हवं?

वाळपईवाला

नमस्कार मंडळी. बाबांसाठी विचारतोय. वय ६२, वजन ५८ किलो. गोव्यात सत्तरीत आमचं कुळागर (सुपारीची बाग) आहे, थोडी भातशेती आहे. लावणी चालू असतानाच त्यांना ताप आला आणि त्यांनी तो अंगावर काढला. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की न्हाणीपर्यंत चालत जाता येईना. डोळे आधी लाल झाले, मग पिवळे. लघवी जवळजवळ थांबली तेव्हा उचलून आणलं. तपासणीत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) निघालं. दाखल केलं त्या दिवशी रक्तात साठलेली घाण दाखवणारे आकडे क्रिएटिनिन ७.८, युरिया २३४, पोटॅशियम ५.९, प्लेटलेट ४८ हजार. याआधी किडनीचा कसलाच त्रास नव्हता. साखर नाही, प्रेशर नाही.

जांघेत नळी घालून शनिवारी रात्री पहिलं डायलिसिस केलं, ते फक्त दोन तास. रविवारी तीन तास. मग सोमवारी काहीच नाही. मंगळवारी आणि गुरुवारी चार-चार तासांचं लिहिलं होतं. आता डॉक्टर म्हणतात, यापुढे एक दिवसाआड. बाबा शुद्धीवर आहेत, बोलतात, नाकातून २ लिटर ऑक्सिजन चालू आहे, व्हेंटिलेटर नाही. दिवसभराची लघवी ३०० मिली.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं मात्र रोज चालतं. त्यांचे नातेवाईक सांगतात, रोज केलं की घाण लवकर निघते आणि किडनी लवकर सुरू होते. खरं सांगतो, तेव्हापासून झोप नाही. आम्ही दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) आहोत म्हणून हात आखडता घेतायत का? पैसे भरायची आमची तयारी आहे, यंदाच्या सुपारीवर उचल घेऊ. पण मागायचं तर काय मागायचं, हेच कळत नाही. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची नाहीये. डायलिसिसचा डोस नक्की ठरतो कसा, एवढं कुणी नीट सांगाल का?

पेडण्याचा भाई

माझ्या धाकट्या भावाला शेताच्या बांधावर घोणस चावली होती. किडनी दोन्ही बंद. त्याचं पहिला आठवडाभर रोज डायलिसिस केलं, मग एक दिवसाआड, मग सुटलं. आज तो ट्रॅक्टर चालवतो. त्यामुळे मी तरी सांगेन की रोज मागा, भांडून मागा. गरीब माणूस गप्प बसला की त्याला नेहमीच कमी मिळतं.

मशीनजवळची

वाळपईवाला दादा, मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे, गाव डिचोली. या मशीनशेजारी बरीच वर्षं काढली आहेत आणि पावसाळ्यातले लेप्टोचे रुग्ण दरवर्षी बघते. तुमच्या बाबांचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दलचा निर्णय त्यांचे डॉक्टरच घेणार. पण डोस म्हणजे काय ते सांगते, म्हणजे तुम्हाला विचारता येईल.

आधी त्या दोन तासांचं. तुम्हाला वाटलं असेल की पहिल्याच दिवशी काटकसर केली. तसं नाही. युरिया २३४ असताना पहिल्याच वेळी चार तास जोरात मशीन चालवलं तर रक्तातला युरिया झपाट्याने उतरतो, मेंदूतला मात्र मागे राहतो. मग पाणी मेंदूत ओढलं जातं. डोकं ठणकतं, उलट्या होतात, माणूस बरळायला लागतो, कधी झटका येतो. म्हणून पहिलं डायलिसिस मुद्दाम लहान आणि हळू करतात. दुसरं थोडं मोठं, तिसरं पूर्ण. दोन, तीन, चार ही चढण तुमच्या बाबांच्या बाबतीत अगदी रीतसर झालेली आहे.

आता मुख्य गोष्ट. डोस म्हणजे नुसते आठवड्यातले वार नाहीत. किती वेळा, प्रत्येक वेळी किती तास, रक्ताचा पंप किती वेगाने फिरला, डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) केवढा होता आणि तो शेवटपर्यंत उघडा राहिला का, हे सगळं मिळून डोस होतो. कागदावर चार तास लिहिलेले असतात. मशीनवर ते चार तास खरोखर झाले का, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या मते तुम्ही तोच विचारायला हवा. कुळागरात पाट सोडला पण मधेच बांध फुटला, तर शेवटच्या पोफळीपर्यंत पाणी पोचत नाही, किती वाजता सोडलं याला मग अर्थ राहत नाही. इथेही तसंच होतं.

किडनी तात्पुरती बंद पडलेल्या रुग्णांत हा बांध कुठे फुटतो ते मी रोज बघते. तुमच्या बाबांच्या प्लेटलेट ४८ हजार. म्हणजे हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देता येत नाही, रक्तस्राव होईल. हेपारिन नसलं की फिल्टरमध्ये रक्त गोठायला लागतं. पांढऱ्या तंतूंमध्ये आधी एक-दोन काळपट रेघा दिसतात, मग वरच्या टोपीत गडद कडं धरतं, आणि व्हीनस प्रेशरचा (रक्त परत जाणाऱ्या नळीतल्या दाबाचा) आकडा हळूहळू वर चढायला लागतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही दर अर्ध्या तासाने १०० मिली सलाइन सोडून फिल्टर धुतो. धुतलं की रेघा स्पष्ट दिसतात, किती तंतू गेले ते कळतं. चार तासांत हे सलाइन सात-आठशे मिली होतं, ते परत काढायला मशीनला तेवढं पाणी जास्त ओढायला सांगावं लागतं. हे कुणी नीट केलं नाही तर एकतर फिल्टर बंद पडतो, नाहीतर रुग्णाच्या अंगात पाणी वाढतं.

दुसरं ठिकाण म्हणजे नळी. जांघेतली नळी आखूड असेल तर धुतलेलंच रक्त पुन्हा पुन्हा आत ओढलं जातं. मशीन फिरत राहतं, सफाई मात्र कमी होते. मोठ्या माणसाला जांघेत २४-२५ सेंटिमीटरची नळी लागते. उजव्या मानेत १५ पुरते. शिवाय पाय दुमडला की प्रवाह अडतो, अलार्म वाजतो, पंप थांबतो. रात्री अकरा वाजता असे सात-आठ अलार्म झाले की त्या चार तासांतला अर्धा तास कुठे गेला ते कळतही नाही.

तिसरं म्हणजे रक्तदाब. प्रेशर पडलं की आम्ही पाणी काढणं थांबवतो, पंप हळू करतो, शेवटी वेळेआधी रक्त परत देतो. ते तसंच करायला हवं, कारण प्रेशर पडणं किडनीला परवडत नाही.

तर उद्या गेल्यावर इतकं विचारा: गुरुवारी प्रत्यक्षात किती मिनिटं चाललं, पंपाची गती किती होती, फिल्टर गोठला का, आणि आधीचा व नंतरचा युरिया किती. रागाने विचारू नका. चार्टवर हे लिहिलेलं असतं आणि कुठलाही चांगला तंत्रज्ञ आनंदाने दाखवतो. आकडे इथे टाका, मी मांडून दाखवते.

आणि भाई, तुमच्या भावाचं बरं झालं हे वाचून फार बरं वाटलं. पण सर्पदंश आणि लेप्टो यांचं गणित वेगळं असतं. त्यावर डॉक्टर मंडळींपैकी कुणी लिहिलं तर बरं.

डॉ_रात्रपाळी

अतिदक्षता विभागात काम करतो, म्हणून लिहितो. ताईंनी जे सांगितलं त्याच्या शब्दाशब्दाशी सहमत आहे. मी फक्त 'रोज की एक दिवसाआड' या वादाचा इतिहास सांगतो, कारण शेजारच्या नातेवाइकांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. एकेकाळी आम्ही डॉक्टरही तेच मानायचो.

२००० साली इटलीतल्या व्हिचेंझामधून एक अभ्यास आला. आयसीयूतले ४२५ रुग्ण, चोवीस तास चालणारं सततचं फिल्ट्रेशन, आणि तीन डोस: दर किलो वजनामागे तासाला २०, ३५ आणि ४५ मिली. जगण्याचं प्रमाण अनुक्रमे ४१, ५७ आणि ५८ टक्के. २००२ मध्ये जर्मनीतून १६० रुग्णांचा अभ्यास आला, त्यात रोज डायलिसिस केलेल्यांत मृत्यू २८ टक्के आणि एक दिवसाआड केलेल्यांत ४६. साहजिकच सगळीकडे 'जास्त तेवढं चांगलं' सुरू झालं.

मग मोठे अभ्यास झाले. अमेरिकेतला २००८ चा, १,१२४ रुग्ण. एका गटाला आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस, दुसऱ्याला तीन वेळा. ज्यांचं प्रेशर अस्थिर होतं त्यांना सततचं फिल्ट्रेशन, तासाला किलोमागे ३५ किंवा २०. काहींना दोन्हींच्या मधलं, लांबवलेलं हळू डायलिसिस. साठ दिवसांनी मृत्यू ५३.६ टक्के आणि ५१.५ टक्के, म्हणजे फरक नाही. किडनी सुरू होण्यातही फरक नाही. उलट प्रेशर कोसळून औषध द्यावं लागलेले रुग्ण जास्त डोसच्या गटात अधिक होते. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून दीड हजार रुग्णांचा अभ्यास आला, ४० विरुद्ध २५ मिली. नव्वद दिवसांनी मृत्यू दोन्हीकडे ४४.७ टक्के, दशांशापर्यंत सारखा. जास्त डोसवाल्यांमध्ये रक्तातलं फॉस्फेट घसरण्याचं प्रमाण ६५ टक्के होतं, कमी डोसमध्ये ५४.

यातून एक लक्षात घ्या. २००८ च्या अभ्यासातल्या 'कमी' गटाला खरोखर कमी मिळालं नव्हतं. तीन वेळा का होईना, पण प्रत्येक वेळी केटी बाय व्ही १.२ ते १.४ पोचेल याची तिथे काळजी घेतली होती. केटी बाय व्ही म्हणजे शरीरातल्या एकूण पाण्याच्या मानाने किती पाणी युरियापासून साफ झालं त्याचा आकडा. म्हणून २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत आठवड्याला एकूण ३.९ असं सांगितलंय, म्हणजे साधारण तीन वेळा १.३. सततच्या पद्धतीत २० ते २५ मिली. तुमच्या बाबांच्या वजनाला ते तासाला साधारण १.१५ ते १.४५ लिटर येतं. एक दिवसाआड पुरेसं, हे वाक्य तेव्हाच खरं जेव्हा प्रत्येक वेळचं डायलिसिस पूर्ण होतं. ताई म्हणतात तो मुद्दा याच कारणाने एवढा मोठा आहे.

डायलिसिस किडनीला बरं करत नाही, हेही स्पष्ट लिहितो. किडनी स्वतः बरी होते. तोपर्यंत माणसाला पोटॅशियम, आम्ल, पाणी आणि युरिया यांपासून वाचवणं एवढंच मशीनचं काम. दुखावलेल्या किडनीची रक्तपुरवठा सांभाळण्याची स्वतःची यंत्रणा बंद पडलेली असते, त्यामुळे मशीनवर प्रेशर पडलं की तिला नव्याने इजा होते. रोजच्या डायलिसिसमध्ये ही जोखीमही रोजची. त्याशिवाय अँटिबायोटिक, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं हीसुद्धा युरियाबरोबर वाहून जातात. सेफ्ट्रायॅक्सोन फारसं जात नाही, पण इतर काही औषधं डायलिसिस झाल्यावरच द्यावी लागतात.

आता लेप्टोबद्दल, कारण इथे मला 'एक दिवसाआड' हे वाक्य तसंच सोडून द्यायचं नाही. ब्राझीलच्या साओ पाउलोमधून २००७ मध्ये एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर लेप्टोचे ३३ रुग्ण. ज्यांचं डायलिसिस उशिरा सुरू झालं आणि एक दिवसाआड चाललं त्यांच्यात मृत्यू ६६.७ टक्के. ज्यांचं लगेच सुरू झालं आणि रोज चाललं त्यांच्यात १६.७. आकडे छाती दडपणारे आहेत. पण रुग्ण थोडे, आणि लवकर सुरू करणं व रोज करणं या दोन्ही गोष्टी एकाच गटात असल्यामुळे फायदा कशाचा ते वेगळं करता येत नाही. ते रुग्ण आयसीयूतले, अत्यंत गंभीर होते. म्हणून लेप्टोत फुप्फुसातून रक्तस्राव होतोय, ऑक्सिजन वाढत चाललाय, असं असेल तर मी स्वतः रोजच्या डायलिसिसच्या बाजूने उभा राहतो. तुमचे बाबा नाकातल्या २ लिटरवर बोलतायत, ते त्या गटातले दिसत नाहीत. पण उद्या ऑक्सिजन वाढवावा लागला, खोकल्यातून रक्त आलं, तर एक दिवसाआडचा बेत बदलायला हवा. अशा वेळी 'आता रोज करायचं का' हे जरूर विचारा.

पेडण्याचा भाई

डॉक्टर, मग आमच्या भावाला रोज का केलं? तेही चुकीचं होतं का?

डॉ_रात्रपाळी

अजिबात नाही भाई. घोणशीच्या विषाने स्नायू फुटतात, रक्तपेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम रक्तात येतं. सकाळी काढलेलं पोटॅशियम संध्याकाळी पुन्हा सहाच्या वर असू शकतं. तिथे कुणी वार मोजत बसत नाही, पोटॅशियम सांगेल तेव्हा मशीन लावायचं. अंगात पाणी खूप असेल, श्वास लागत असेल, आम्ल वाढत असेल, तरीही तसंच. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासातही पाणी काढण्यासाठी जादा सत्रं द्यायची मुभा होती. तुमच्या भावाला रोज लागलं म्हणून रोज दिलं, आणि गरज सरल्यावर एक दिवसाआड केलं. मला तर ते उत्तम उपचार वाटतात.

वाळपईवाला, कदाचित शेजारच्या खाटेचं उत्तरही इथेच आहे. त्याचा आजार तुमच्या बाबांचा नाही.

वाळपईवाला

ताई, डॉक्टर, खूप आभार. सकाळी जाऊन विचारलं. तिथल्या तंत्रज्ञ मुलाने चार्ट उघडून सगळं समजावलं, मला वाटलं होतं ओरडतील. गुरुवारचे आकडे देतो. चार तास लिहिलं होतं, चाललं तीन तास वीस मिनिटं, कारण फिल्टर गोठला. पंपाची गती बराच वेळ २०० च राहिली. दीड लिटर पाणी काढलं. आधीचा युरिया १६८, नंतरचा ६६. नळी जांघेतलीच, २० सेंटिमीटर. प्लेटलेट आता ७१ हजार.

मशीनजवळची

बघा, आता बोलण्यात काहीतरी हाती लागलं.

१६८ चे ६६ झाले म्हणजे १०२ उतरले. १०२ भागिले १६८, साधारण ६१ टक्के घट. आम्ही निदान ६५ टक्के तरी व्हावेत म्हणून बघतो. वेळ, काढलेलं पाणी आणि वजन घालून केटी बाय व्ही मांडला तर १.१ च्या थोडा खाली येतो. डॉक्टरांनी सांगितलेला १.३ नाही. आठवड्याला तीन वेळा हेच झालं तर बेरीज ३.२ ची, ३.९ ची नाही. म्हणजे तुम्हाला जे 'कमी' वाटत होतं ते थोडंफार खरं निघालं, फक्त ते वारांत कमी नव्हतं. बुडालेली चाळीस मिनिटं आणि आखूड नळी, यांत ते कमी पडलं. यात कुणी हात आखडता घेतलेला नाही. प्लेटलेट इतक्या कमी असताना फिल्टर गोठणं हे आमच्याकडेही होतं.

एक खात्री करून घ्या. नंतरच्या युरियाचं रक्त कसं घेतलं? पंप १०० वर आणून पंधरा सेकंद थांबायचं आणि मग धमनीकडच्या, म्हणजे शरीरातून येणाऱ्या नळीतून घ्यायचं. पंप पूर्ण वेगात असताना घेतलं, किंवा परत जाणाऱ्या बाजूने घेतलं, तर धुतलेलं रक्त मिसळतं आणि आकडा खोटा चांगला दिसतो. मग ६१ टक्केही खरे नसतील.

तुमच्या डॉक्टरांसमोर मी हे असं मांडेन: रोज करा असं नाही, पण शनिवारचं पूर्ण चार तास व्हावं यासाठी काय करता येईल? ते बहुधा तीनपैकी काहीतरी सुचवतील. प्लेटलेट वाढल्यात, तर अगदी थोडं हेपारिन चालेल का ते बघतील, नाहीतर सलाइनने धुणं चालूच ठेवतील. नळी बदलून उजव्या मानेत घालतील किंवा जांघेत लांब घालतील. किंवा पाच तासांचं करतील. मला स्वतःला मानेची नळी आवडते. रुग्णाला उठून बसता येतं, पाय दुमडायची भीती नाही, आणि जांघेच्या मानाने जागा कोरडी राहते. पण रक्तस्रावाचा धोका बघून ते त्यांनीच ठरवायचं. फिल्टर मधेच गोठला तर नवा लावून उरलेला वेळ पुरा करतात का, हेही विचारून ठेवा. कार्डावर असल्याने दुसऱ्या फिल्टरची अडचण येत असेल तर तेवढा तुम्ही विकत आणून देऊ शकता. सुपारीवर उचल घ्यायची वेळ त्यासाठी नक्की येणार नाही.

जेवणाचं कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण दर पावसाळ्यात मला हे बघवत नाही. किडनीचा रुग्ण म्हणून घरची माणसं सगळं तोडतात आणि नुसती उकड्या तांदळाची पेज देत राहतात. डायलिसिसवरच्या अशा रुग्णाला दिवसाला किलोमागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबांना म्हणजे ५८ पासून ८७ ग्रॅमपर्यंत. पेजेबरोबर अंड्याचं पांढरं, मासळीचा तुकडा, दही, जे त्यांचे आहारतज्ज्ञ सांगतील ते द्या. शहाळं मात्र नको. शहाळं म्हणजे पोटॅशियम, आणि खाटेखाली शहाळी ठेवलेली मी इतक्यांदा पाहिली आहेत की आता फेरी मारताना आधी खाली वाकून बघते.

वाळपईवाला

कळवतोय. शनिवारी मानेत नळी घातली. पूर्ण चार तास झाले, दर अर्ध्या तासाने सलाइन सोडलं, फिल्टर शेवटपर्यंत टिकला. आधी १५०, नंतर ५०. एक लिटर पाणी काढलं. रक्त कसं घेतलं ते विचारलं, ताईंनी सांगितलं तसंच घेतात. ऑक्सिजन काढलाय. लघवी शनिवारी ७०० झाली, आज १,३०० मिली. आणि आता म्हणतात, सोमवारचं डायलिसिस करायचं की नाही ते उद्या ठरवू. हे बरोबर आहे ना? चुकवलं तर पुन्हा मागे जाणार नाहीत ना? आई तर घाबरलीय, म्हणते करूनच टाका.

मशीनजवळची

घट ६६.७ टक्के, केटी बाय व्ही १.२५ च्या आसपास. तसल्याच मशीनवर, तसल्याच फिल्टरने, वार न वाढवता! आईंना सांगा, लघवी अशी दुप्पट होत चालली की आम्ही मशीनवाले खूश होतो. आता पाणी काढायची घाई उलट नको. अंगातून एवढी लघवी जात असताना मशीनवर वजन उतरवलं तर प्रेशर पडेल. किती लघवी, किती पाणी प्यायले आणि रोज सकाळचं वजन, हे तिन्ही वहीत लिहा. लघवीबरोबर पोटॅशियम जायला लागतं, तेव्हा शहाळ्यावरची बंदी कधी उठवायची तेही डॉक्टरांना विचारा.

डॉ_रात्रपाळी

थांबून बघणं बरोबर आहे. सहा तासांची लघवी गोळा करून क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते तो आकडा) काढायला सांगता येईल. मी सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासात हीच रीत होती: मिनिटाला २० मिलीच्या वर असेल तर डायलिसिस बंद, १२ च्या खाली असेल तर चालू, मधलं असेल तर डॉक्टरांनी रुग्ण बघून ठरवायचं. त्याशिवाय डायलिसिस नसलेल्या दिवशी क्रिएटिनिन वाढण्याऐवजी स्थिर राहिलं किंवा उतरलं, तर किडनी कामाला लागली असं समजायचं.

सोमवार टाळला म्हणून नुकसान होत नाही. पोटॅशियम आणि श्वास ठीक असेल तर मंगळवारीही लावता येतं, तोपर्यंत नळी राहू द्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांच्या आसपास रुग्णांच्या अभ्यासात डायलिसिस घाईने सुरू केलेल्यांना जगण्यात फायदा झाला नाही. वाचलेल्यांपैकी नव्वद दिवसांनंतरही डायलिसिसवर राहिलेले मात्र घाईच्या गटात १०.४ टक्के होते, वाट बघितलेल्या गटात ६. तो प्रश्न सुरू कधी करावं याचा होता, थांबवण्याचा नाही. तरी 'करूनच टाका' म्हणणाऱ्या आईंना हा आकडा जरूर सांगा.

वाळपईवाला

सोमवारचं केलं नाही. मंगळवारी क्रिएटिनिन ४.१ वरून ३.६. लघवी दोन लिटरच्या वर. आज नळी काढणार आहेत. गणेश चवथीला बाबा घरी असतील असं डॉक्टर स्वतःहून म्हणाले. घरी काय सांभाळायचं?

मशीनजवळची

नळी काढताना आडवं झोपवतात, श्वास धरायला सांगतात आणि जागा निदान दहा मिनिटं दाबून धरतात. प्लेटलेट कमी होत्या म्हणून थोडं जास्त धरा म्हणावं. त्यानंतर अर्धा तास तरी उठू देऊ नका. माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची चौकट) बांधायला शिडीवर मात्र यंदा दुसऱ्या कुणालातरी चढवा.

डॉ_रात्रपाळी

अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन जातीची गोळी नको, पॅरासिटामॉल चालेल. जुलाब, उलट्या झाल्या तर वाट न बघता दाखवा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आठवड्याने, मग डॉक्टर सांगतील तसं, आणि तीन महिन्यांनी लघवीतल्या प्रथिनांसह पुन्हा एकदा. तोवर क्रिएटिनिन सामान्य आलेलं असलं तरी ती तपासणी चुकवू नका.

पुढच्या लावणीला चिखलात उतरण्याआधी आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारा. जोखमीच्या कामात आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात. पायाला जखम असेल तर ती झाकून गमबूट. तुमच्यासाठीही, तुम्हीही त्याच शेतात उतरता.